युद्धोत्तर शिल्लक बोल्ट-ॲक्शन रायफल : स्वस्त किमतीमागील इतिहास, तंत्र आणि जबाबदारी

प्रस्तावना

राष्ट्रीय छात्र सेनेच्या संचलनात .३०३ रायफल खांद्यावर घेतलेल्या प्राध्यापकांची संख्या आपल्या महाविद्यालयांतून कमी नाही. लाकडी दस्ता, लोखंडाचा गारवा आणि ‘बाजू शस्त्र’ या आज्ञेबरोबर येणारा आवाज अनेकांच्या स्मरणात असेल. या रायफलींवर ‘डी.पी.’ ही दोन रोमन अक्षरे ठोकलेली असतात, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेलेले असते. प्रस्तुत लेखाचे निमित्त ही दोन अक्षरेच ठरली.

काही काळापूर्वी अमेरिकेत नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र आले. तो छात्रसैनिक होता. तेथील एका शस्त्रप्रदर्शनात त्याला भारतातील ईशापूर कारखान्याचा शिक्का असलेली जुनी ली-एनफिल्ड रायफल विक्रीस ठेवलेली दिसली. इतर रायफलींच्या मानाने तिची किंमत बरीच कमी होती. “सर, आपली रायफल आहे. घेऊ का? चालवता येईल का?” असे दोन प्रश्न त्याने विचारले होते व सोबत छायाचित्रे जोडली होती. या प्रश्नांची उत्तरे देताना जे वाचन व टिपणे झाली, त्यांची संगतवार मांडणी येथे केली आहे. विषय वरवर पाहता हौशी वाटला तरी त्यात इतिहास, धातुशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि कायदा या पाचही विषयांचा संबंध येतो. बहुविद्याशाखीय नियतकालिकात त्यास स्थान असावे असे वाटते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. लष्करी शिल्लक रायफल नागरी बाजारात स्वस्त का उपलब्ध झाली, याची ऐतिहासिक कारणे पाहणे.
२. मोसिन-नागां व ली-एनफिल्ड या दोन रायफलींच्या रचनेची तुलना करणे.
३. अशी रायफल विकत घेताना व चालवताना कोणती तपासणी व दक्षता आवश्यक आहे, हे स्पष्ट करणे.
४. अमेरिका व भारत येथील कायदेशीर स्थितीतील फरक समजून घेणे.

बोल्ट-ॲक्शन म्हणजे काय?

दाराला कडी घालण्याची क्रिया डोळ्यांसमोर आणली की या यंत्रणेचे तत्त्व समजते. हाताने बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढली असता रिकामी पुंगळी बाहेर पडते. बोल्ट पुढे सारताना मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये जाते आणि मूठ खाली वळवली की बोल्टवरील उंचवटे खाचांत अडकून दार पक्के बंद होते. बार उडताना निर्माण होणारा प्रचंड दाब हे उंचवटेच तोलून धरतात. स्वयंचलित यंत्रणेच्या तुलनेत भाग कमी, साफसफाई सोपी आणि बिघाड क्वचित, अशा तीन गुणांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातील बहुतेक सैन्यांनी हीच रचना स्वीकारली होती.

स्वस्ताईची ऐतिहासिक कारणे

कोणतीही वस्तू कोट्यवधींच्या संख्येने निर्माण झाली आणि एका दिवशी अकस्मात निरुपयोगी ठरली, तर तिचे मूल्य कोसळते. दुसऱ्या महायुद्धानंतर बोल्ट-ॲक्शन रायफलीचे हेच झाले. सैन्यांनी अर्धस्वयंचलित व स्वयंचलित रायफली स्वीकारल्या आणि जुन्या रायफली कोठारांत पडून राहिल्या. त्या वितळवाव्यात, मित्रराष्ट्रांना द्याव्यात की विकाव्यात, हा प्रश्न प्रत्येक सरकारपुढे होता. विकण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला. सॅम्युएल कमिंग्ज या अमेरिकी व्यापाऱ्याने १९५३ मध्ये स्थापन केलेली ‘इंटरआर्म्स’ ही कंपनी या व्यापारातील सर्वांत ठळक नाव होय. युरोपातील कोठारांतून रायफली वजनावर घ्याव्यात आणि अमेरिकेत शिकारी व नेमबाजांना नगावर विकाव्यात, असे या व्यवसायाचे ढोबळ स्वरूप होते.

या व्यापाराला जबर कलाटणी मिळाली ती २२ नोव्हेंबर १९६३ रोजी. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येत वापरलेली रायफल इटालियन सैन्याची शिल्लक कारकानो बोल्ट-ॲक्शन होती. ली हार्वी ओस्वाल्डने ती शिकागोच्या एका दुकानाकडून मासिकातील जाहिरात पाहून टपालाने मागवली होती. दुर्बिणीसह तिची किंमत १९.९५ डॉलर आणि टपालखर्च १.५० डॉलर एवढाच होता. खरेदीसाठी त्याने ‘ए. हिडेल’ हे खोटे नाव वापरले. स्वस्त किंमत, टपालाने पोच आणि खरेदीदाराची कसलीही पडताळणी नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडू शकते, याचा हा धडा होता. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने शस्त्रांची आंतरराज्य टपालविक्री आणि लष्करी शिल्लक शस्त्रांची आयात या दोहोंवर निर्बंध आणले. पुढे १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन संग्राह्य ठरणाऱ्या जुन्या लष्करी रायफलींच्या आयातीचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतर रशिया, युक्रेन आदी देशांतील कोठारांमधून मोसिन-नागां रायफलींचा मोठा ओघ अमेरिकेकडे वळला. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे शंभर डॉलरच्या आत अशी रायफल मिळत असे. आज तीच रायफल काही शे डॉलरांना विकली जाते. साठा संपत जातो आणि किंमत चढत जाते, हा बाजाराचा साधा नियम येथेही लागू पडला.

दोन रायफली : तुलनात्मक परिचय

अ) मोसिन-नागां : रशियन अधिकारी सर्गेई मोसिन आणि बेल्जियन शस्त्रनिर्माते नागां यांच्या आराखड्यांच्या स्पर्धेतून ही रायफल सिद्ध झाली आणि १८९१ मध्ये रशियन सैन्याने ती स्वीकारली. तिचे अधिकृत नाव ‘तीन लिनी रायफल’ असे होते. लिनी म्हणजे इंचाचा दहावा भाग. तीन लिनी म्हणजे ०.३ इंच, अर्थात ७.६२ मिलिमीटर. आज जगभर परिचित असलेल्या या आकड्याचा रशियातील उगम असा आहे. १९३० मध्ये सुधारलेल्या ‘९१/३०’ नमुन्याची लांबी सुमारे १२३ सेंटिमीटर, वजन सुमारे ४ किलोग्रॅम आणि मॅगझिनची क्षमता ५ काडतुसांची आहे. तुला व इझेव्हस्क येथील कारखान्यांत तिचे प्रचंड उत्पादन झाले. महायुद्धाच्या वर्षांतील नगांवर हत्यारांचे ओरखडे स्पष्ट दिसतात. शत्रू दाराशी आला असता झिलई करण्यास सवड कोणाला होती? तथापि आतील महत्त्वाचे भाग काटेकोर आहेत. तिचे ७.६२×५४ मिमी कडा असलेले काडतूस १८९१ पासून आजतागायत लष्करी सेवेत आहे. भारतीय सेनेच्या ड्रॅगुनोव्ह रायफलीतही तेच वापरले जाते.

ब) ली-एनफिल्ड : जेम्स पॅरिस ली यांच्या बोल्टवर आधारलेली ही ब्रिटिश रायफल. बोल्टचे उंचवटे मागील बाजूस असल्याने बोल्टची ये-जा आखूड व जलद होते आणि मॅगझिनमध्ये १० काडतुसे राहतात. बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखाना १९०४ मध्ये स्थापन झाला व तेथे या रायफलीची निर्मिती पुढे अनेक दशके चालली. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांचे, अर्थातच मराठा पलटणींचेही, हे नित्याचे शस्त्र होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने याच रचनेत ७.६२ मिमी नाटो काडतुसासाठी ‘२ए’ व ‘२ए१’ हे नमुने तयार केले. सैन्यासाठी नव्याने अभिकल्पित झालेल्या अगदी शेवटच्या बोल्ट-ॲक्शन रायफलींत त्यांची गणना होते. हे नमुने आणि जुन्या .३०३ रायफली पुढे शिल्लक म्हणून अमेरिकेत पोहोचल्या. पुण्याजवळील खडकी दारूगोळा कारखान्याची ‘के.एफ.’ ही अक्षरे असलेली .३०३ काडतुसेही तेथील संग्राहकांच्या परिचयाची आहेत. आपल्या परिसरातील एका कारखान्याची मुद्रा सातासमुद्रापलीकडील नेमबाजाच्या हाती पडते, ही बाब स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी नोंद घ्यावी अशी आहे.

खरेदीपूर्व तपासणी

शिल्लक रायफल ही वापरलेली वस्तू आहे. मधल्या काळात ती किती हातांतून गेली, कोणत्या कोठारात भिजली, कोणी दुरुस्त केली, हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. सबब पुढील बाबी क्रमाने पाहणे आवश्यक ठरते.

१. नळीची आतील स्थिती : रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, बोल्ट काढून, उजेडाकडे धरून नळीतून पाहावे. पेचदार खाचा धारदार दिसल्या पाहिजेत. गंजाचे खड्डे, फुगवटा किंवा कड्यासारखी काळी सावली दिसल्यास ती रायफल नाकारावी. नळीचे तोंड साफसफाईच्या सळईने झिजलेले असल्यास नेमातील अचूकता जाते.

२. क्रमांकांची जुळणी : बोल्ट व रिसीव्हरवरील क्रमांक एकच असणे इष्ट. सोव्हिएत कोठारांत नूतनीकरण झालेल्या रायफलींवर क्रमांक नव्याने ठोकून जुळवलेले आढळतात. चौकोनात तिरकी रेघ ही अशा नूतनीकरणाची एक परिचित खूण आहे. ती दोष दर्शवीत नाही, पण मूळ जुळणी समजून अधिक किंमत मात्र मोजू नये.

३. हेडस्पेस : बंद बोल्टचा दर्शनी भाग आणि चेंबरमधील काडतुसाचा आधार यांमधील अंतरास हेडस्पेस म्हणतात. ते प्रमाणापेक्षा वाढले तर बार उडताना पुंगळी मागे ताणली जाऊन फाटू शकते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. विशिष्ट मापकांनी ही तपासणी होते. ती जाणत्या शस्त्रकारागिराकडून करून घ्यावी. डोळ्यांनी पाहून हे अंतर समजत नाही. ली-एनफिल्ड क्र. ४ मध्ये बोल्टचे टोक बदलून ते सुधारता येते. याच कारणाने दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेल्या नगाबाबत विशेष सावध राहावे लागते.

४. फायरिंग पिन : मोसिन-नागांच्या मूळ हत्यारात ७५ व ९५ अशा दोन खाचा असतात. पिनचे टोक या दोन मापांच्या दरम्यान बाहेर आले पाहिजे. कमी आल्यास काडतूस पेटत नाही. जास्त आल्यास प्रायमर फुटतो.

५. शिक्के : हा मुद्दा सर्वाधिक महत्त्वाचा आहे. ‘डी.पी.’ म्हणजे केवळ कवायतीसाठी. झिजलेली, सदोष किंवा नादुरुस्त रायफल गोळीबारास अपात्र ठरवून ही अक्षरे ठोकली जातात. अनेकदा नळीस छिद्र पाडले जाते वा पिन काढली जाते. पुढे कोणी नवे भाग बसवून ती ‘चालू’ करून विकली तरी मूळ अपात्रता संपत नाही. दस्त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली ईशापूर रायफल हातबॉम्ब फेकण्यासाठी वापरली जात असे. अशा रायफलीने अधिक ताण सोसलेला असतो. काही रायफलींची नळी .४१० छऱ्याच्या काडतुसासाठी गुळगुळीत केलेली असते, तर काहींचा व्यास बदललेला असतो. म्हणून शिक्का वाचल्यावाचून काडतूस निवडू नये.

दारूगोळा आणि गंजाचे रसायनशास्त्र

जुना लष्करी दारूगोळा सिलबंद पत्र्याच्या डब्यांत येतो. ७.६२×५४ च्या अशा एका डब्यात सर्वसाधारणतः ४४० काडतुसे असतात. तो अनेक दशके टिकतो, परंतु त्याच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते. ज्वलनानंतर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते. हे मिठासारखेच क्षार होय. ते नळीत थराच्या रूपाने बसते, हवेतील ओलावा ओढून घेते आणि दमट हवेत एका रात्रीत लोखंडास गंज चढवते. येथे एक सामान्य गैरसमज दिसतो. नेमबाज तेलाचा हात फिरवून निश्चिंत होतो. पण क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्यामुळे गोळीबाराच्या दिवशीच नळीतून गरम पाणी सोडणे, बोल्टचा दर्शनी भाग धुणे, कोरडी चिंधी फिरवून पाणी पूर्ण टिपणे आणि त्यानंतरच तेल लावणे, हा क्रम आवश्यक आहे.

सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध घातले. परिणामी ‘रायफल स्वस्त, काडतूस त्याहून स्वस्त’ हे जुने समीकरण मोडले.

प्रत्यक्ष नेमबाजी : काही भौतिक तथ्ये

सोव्हिएत हलकी गोळी सुमारे ९.६ ग्रॅम वजनाची असून तिचा प्रारंभिक वेग सुमारे ८६० मीटर प्रतिसेकंद असतो. गतिज ऊर्जेच्या सूत्रानुसार तिची ऊर्जा सुमारे ३५५० जूल येते. छात्र सेनेत वापरल्या जाणाऱ्या .२२ काडतुसाची ऊर्जा दीडशे जूलच्या आसपास असते. म्हणजे हे अंतर वीस पटींहून अधिक आहे. ज्याने फक्त .२२ चालवली आहे, त्याने दस्त्याची लोखंडी पट्टी खांद्याच्या खळग्यात घट्ट न टेकवल्यास खांद्यावर निळा व्रण उमटल्याशिवाय राहत नाही. कर्णरक्षक व संरक्षक चष्मा यांस पर्याय नाही.

मोसिन ९१/३० ची दृष्टियंत्रणा संगीन चढवून नेम धरला जाईल, हे गृहीत धरून जुळवलेली असते. संगीन काढल्यास गोळ्या एका बाजूस जातात. नवखा नेमबाज येथे रायफलीला किंवा स्वतःला दोष देतो. वास्तविक फोरसाइट थोडी सरकवून ही त्रुटी दूर होते. अनेक जुन्या रायफलींच्या चेंबरमध्ये साठवणुकीचे ग्रीस वाळून बसलेले असते. काही बार उडाल्यावर ते तापून चिकट होते आणि बोल्ट उघडेनासा होतो. त्यावर हातोडी हा उपाय नसून चेंबरची निगुतीने केलेली सफाई हाच उपाय आहे. ली-एनफिल्डबाबत मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या पुढे राहील असे भरावे लागते. अन्यथा कडा अडकून काडतूस पुढे सरकत नाही.

चाप ओढूनही बार न उडाल्यास रायफल लक्ष्याच्या दिशेनेच स्थिर धरून किमान अर्धा मिनिट थांबणे अनिवार्य आहे. जुन्या दारूगोळ्यात ठिणगी उशिरा पोहोचून बार विलंबाने उडण्याची शक्यता असते. घाईने बोल्ट उघडणे प्राणावर बेतू शकते.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत दुकानदाराकडून रायफल घेताना संघीय अर्ज भरावा लागतो व पार्श्वभूमीची पडताळणी होते. तत्काळ पडताळणीची राष्ट्रीय व्यवस्था नोव्हेंबर १९९८ पासून अस्तित्वात आहे. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील शस्त्रांसाठी संग्राहकाचा स्वतंत्र परवाना तीन वर्षांसाठी मिळतो. राज्यांचे नियम याशिवाय असतात. भारतीय वाचकांसाठी महत्त्वाची बाब अशी की, तात्पुरत्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्या परकीय व्यक्तीस, वैध शिकार परवाना यांसारखे मोजके अपवाद वगळता, तेथे शस्त्र वा काडतूस बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. नेमबाजी मैदानावर भाड्याने रायफल घेणे हेही बाळगणेच ठरू शकते. स्थायी निवासी व्यक्तीस ही मनाई लागू नाही. नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या तरुणांपैकी कितीजणांना याची कल्पना असेल, याविषयी शंका वाटते. हौसेपोटी घडलेला हा अपराध व्हिसाच नव्हे, तर संपूर्ण भवितव्य धोक्यात आणू शकतो.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना अग्निशस्त्र बाळगता येत नाही. .३०३ व ७.६२ मिमी या लष्करी व्यासांच्या रायफली सर्वसामान्य परवानाधारकासाठी प्रतिबंधित वर्गात मोडतात. म्हणूनच आयुध कारखान्यांनी नागरिकांसाठी .३१५ व्यासाची रायफल बनवली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. थोडक्यात, अमेरिकेत जी वस्तू शिल्लक मालाच्या बाजारात येते, ती आपल्याकडे शासनाच्या कोठारातच राहते. तेथेही ती प्रदीर्घ काळ सेवेत राहिली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींच्या समोर पोलिसांच्या हाती .३०३ होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर जानेवारी २०२० मध्ये तिला निरोप दिला. एकीकडे ती संग्राहकाची हौस ठरली आणि दुसरीकडे तिच्याच भरवशावर शिपायास उभे राहावे लागले, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे.

निष्कर्ष

१. शिल्लक रायफलीची स्वस्ताई ही युद्धकालीन अतिउत्पादन व पुढील अप्रचलितता यांतून निर्माण झालेली तात्पुरती अवस्था होती. ती आता मोठ्या प्रमाणात संपली आहे.

२. खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा लहान अंश होय. तपासणी, योग्य काडतूस, साफसफाई व प्रशिक्षण हे उर्वरित मोल चुकवल्याशिवाय ती रायफल स्वस्त म्हणता येत नाही.

३. शस्त्रांची विल्हेवाट हा निव्वळ भांडारव्यवस्थेचा प्रश्न नाही. १९६३ च्या घटनेने दाखवल्याप्रमाणे खरेदीदाराच्या पडताळणीविना होणारी विक्री साऱ्या समाजास महागात पडते.

४. जुनी रायफल ही इतिहासाचे भौतिक साधन आहे. तिच्यावरील शिक्के, क्रमांक व खुणा कागदपत्रांइतक्याच वाचनीय असतात. आपल्या महाविद्यालयांतील कवायतीच्या रायफलींवरील वर्ष व कारखान्याचे शिक्के विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेतल्यास इतिहास व संरक्षणशास्त्र विभागांना एक उत्तम प्रकल्प लाभू शकेल.

अखेरीस त्या विद्यार्थ्याच्या पत्राविषयी. त्याने पाठवलेली छायाचित्रे मोठी करून पाहिली तेव्हा रिसीव्हरच्या डाव्या अंगास, नव्या काळ्या रंगाखाली दबलेली ‘डी.पी.’ ही अक्षरे स्पष्ट दिसली. किंमत कमी असण्याचे कारण तेच होते. शिवाय तो तात्पुरत्या व्हिसावर होता. “घेऊ नकोस, आणि कोणी घेत असेल तर त्याला ही अक्षरे दाखव,” असे उत्तर मी कळवले. ज्या रायफलीने त्याला संचलन शिकवले, तिच्यावरील दोन अक्षरांचा अर्थ आम्ही शिक्षकांनी त्याला कधी सांगितला नव्हता. ही उणीव विद्यार्थ्याची नसून आमची आहे, एवढे येथे नमूद करणे उचित होईल.